आगाऊ शोकसभा

मरणाऱ्या माणसाची शेवटची इच्छा पुरी करावी, असं म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातं? त्याला सोसायटीच्या सेक्रेटरीकडे अर्ज घेऊन जावं लागत नाही. आमच्या सुरुंगाला जावं लागलं.

सुरुंग हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदांवर उरलं होतं. वीज खात्यात मीटर तपासायच्या टेबलावर या माणसाने जन्म काढला. भित्रा इतका, की घरातला बल्ब बदलायचा तरी आधी अख्ख्या घराची वीज बंद करायचा आणि मग अंधारात स्टुलावरून पडायचा. अशा माणसाला सुरुंग म्हणणं ही शुद्ध चेष्टा होती. पण ती कप्तानाने केली होती, आणि कप्तानाने केलेली चेष्टा सुरुंग छातीवर मिरवायचा.

कप्तान शेजारच्या टेबलावर बसायचा. समोर बसायचा डॉक्टर, ज्याने आयुष्यात कुणाला साधी डोकेदुखीची गोळी दिली नव्हती. तिघांनाही ही नावं एका सिनेमातल्या पात्रांवरून पडली होती. भाडोत्री सैनिकांचा सिनेमा. त्या काळचे सात बडे नट एकाच पडद्यावर. पोस्टरवर चेहरे मावेनात म्हणून रंगवणाऱ्याने एकाचा कान दुसऱ्याच्या टोपीखाली दडपला होता. गोष्ट सोपी होती. नदीपलीकडच्या किल्ल्यात एक म्हातारा नकाशे काढणारा कैदेत पडलेला असतो. त्याला सोडवून आणायचं, पैसे घ्यायचे, घरी जायचं. कामगिरीवर निघालेली सातही माणसं पोट सुटलेली, कर्जात बुडालेली, बायकांनी टाकलेली. शेवटी नदीवरचा पूल उडतो, सगळे तराफ्यावर चढतात, तराफा हलतो, बाजा वाजतो आणि थिएटरात दिवे लागतात. ऑफिस सुटलं की तिघं शेवटच्या खेळाला जायचे. किती वेळा गेले ते त्यांचं त्यांना ठाऊक नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्यात एवढं पाहण्यासारखं काय होतं? मारामारी होती, स्फोट होते, ते सगळं ठीकच. पण सुरुंगाला विचाराल तर खरी मजा मारामारीच्या आधीच होती. सिनेमातला कप्तान एकेकाला गोळा करत फिरतो ना, ती. एकजण तुरुंगात असतो, एकजण दारूच्या गुत्त्यात, एकजण घरामागच्या बागेत गुलाबांना पाणी घालत असतो. कप्तान फाटकाशी उभा राहतो आणि म्हणतो, "चल. तुझ्याशिवाय जमणार नाही." बस्स. तो माणूस झारी खाली ठेवतो आणि निघतो. सुरुंगाने एवढी वर्षं नोकरी केली, पण खात्यातलं कुणी त्याला कधी असं म्हणालं नाही. उलट तो रजेवर गेला की काम जरा लवकर उरकायचं. रिटायर झाल्यावर तर फाटकाशी केबलचं बिल मागणारा सोडून कुणी उभं राहिलं नव्हतं.

तर सुरुंगाच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा हा कप्तान अंथरुणाला खिळला. छातीचं दुखणं होतं. दवाखान्यातल्या खऱ्या डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, की आता त्यांना आवडेल ते करू द्या. याचा अर्थ काय तो सगळ्यांना कळला. सून सुरुंगाला म्हणाली, "काका, त्यांना विचारा ना तुम्हीच, काय हवंय." सुरुंगाने विचारलं.

"तो सिनेमा बघायचाय," कप्तान म्हणाला. मग दम घेऊन म्हणाला, "मोठ्या पडद्यावर. पूर्ण."

"एवढंच ना?" सुरुंग म्हणाला. माणसाने हे दोन शब्द कधी म्हणजे कधी उच्चारू नयेत.

घरी बायकोने ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, मग त्यांच्या खोलीतल्या टीव्हीवर दाखवा की. बिचाऱ्यांना खाली उतरायला कशाला लावताय?"

"टीव्हीवर चालत नाही. शपथ आहे."

शपथ खरीच होती आणि कप्तानानेच घातली होती. पहिल्यांदा हा सिनेमा टीव्हीवर लागणार अशी बातमी आली, तेव्हा तो दोघांना म्हणाला होता, "त्या डबड्यात आपली सात माणसं कोंबायची? कुणी बघायचा नाही. शपथ घ्या." दोघांनी घेतली. त्यानंतर सिनेमा कितीतरी वेळा लागला, आणि दरवेळी सुरुंगाने उठून टीव्ही बंद केला.

"भाड्याने मारामाऱ्या करणाऱ्यांची केवढी ती निष्ठा!" बायको म्हणाली. तरी दुसऱ्या दिवशी आपल्या भावाला फोन तिनेच केला.

हा मेहुणा लग्नाचं शूटिंग करायचा. त्याच्याकडे प्रोजेक्टर होता, पडदा होता आणि स्वतःविषयी फार चांगलं मत होतं. "भाऊजी, काळजी सोडा," तो म्हणाला. "सिनेमा मी आणतो. एक नंबर प्रत. एक फ्रेम कापलेली नसेल." राहता राहिला सोसायटीचा हॉल. म्हणजे राहिला होता सेक्रेटरी.

सेक्रेटरीने अर्ज दोनदा वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली. "सिनेमा म्हणजे मनोरंजन," तो म्हणाला. "मनोरंजनाला कमिटीचा ठराव लागतो. कमिटी पुढच्या महिन्यात बसेल."

"पुढच्या महिन्यापर्यंत तो राहील की नाही..." सुरुंग म्हणाला.

सेक्रेटरी वाईट माणूस नव्हता. त्याने डोळे मिटून नियम आठवले. "एक वाट आहे. शोकसभेला ठराव लागत नाही. हॉल लगेच मिळतो, वर खुर्च्याही मिळतात."

"अहो, पण माणूस जिवंत आहे!"

"मग थोडं थांबा."

सुरुंगाला आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटली. पण तो सरकारी माणूस. रागसुद्धा वरिष्ठांच्या मंजुरीने यायचा. तो घरी आला, पाणी प्यायला, रात्रभर तळमळला आणि सकाळी जाऊन शोकसभेच्या रकान्यात सही करून आला. एक अट मात्र घातली, की फलकावर सूचना लावायची नाही. सेक्रेटरी "बरं बरं" म्हणाला आणि ते वॉचमनला सांगायचं विसरला.

सिनेमाची बातमी तशीही पसरलीच, आणि बातमीमागून सल्ले आले. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले म्हणाले, आजारी माणसाला बंदुकांचे आवाज बरे नाहीत, आवाज बंद ठेवून दाखवा. त्यांच्या मिसेस म्हणाल्या, त्यापेक्षा विनोदी काहीतरी दाखवा, हसून फुप्फुसं मोकळी होतात. तळमजल्यावरच्या मास्तरीणबाईंचा विरोध तत्त्वाचा होता. त्यांनी सुरुंगाला जिन्यातच अडवलं.

"देशासाठी लढतात त्यांचा सिनेमा समजू शकते मी. ही पैशासाठी लढणारी माणसं! त्यांच्याकडून घ्यायचं काय?"

"बाई, मीही पैशासाठीच मीटर तपासले," सुरुंग म्हणाला. "देशासाठी कोण तपासतो?"

बाईंनी वाट सोडली. आपण बाईंना गप्प केलं या धक्क्याने सुरुंग दोन पायऱ्या चुकला आणि त्याचा घोटा सुजला.

ठरलेल्या दिवशी दुपारी मेहुण्याने हॉलच्या खिडक्यांना चादरी ठोकल्या. त्यातली एक बायकोची ठेवणीतली निघाली. त्यावरून जे झालं ते सांगत नाही. लंगडत लंगडत सुरुंगाने खुर्च्या लावल्या. डॉक्टर आला. त्याला आता ऐकू येत नव्हतं, पण तो पॉलिश केलेले बूट घालून आला होता. आणि मग माणसं यायला लागली. एकेक, हळूहळू, खाली मान घालून. हातात फुलं. बँकवाल्यांनी चांगलं मोठं पुष्पचक्र आणलं होतं. मास्तरीणबाई आल्या, सुरुंगाचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मी त्या दिवशी उगाच बोलले हो. शेवटी माणूस मोठा होता."

"होता?" सुरुंगाने विचारलं. तो लंगडत फलकाकडे धावला. वॉचमनने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: शोकसभा, कप्तानसाहेब, सर्वांनी उपस्थित राहावे.

तो फलक पुसतोय तोच मागे लिफ्ट उघडली आणि मुलाने आणि सुनेने चाकाच्या खुर्चीतून कप्तानाला बाहेर आणलं. मानेला मफलर, नाकाला नळी, केस नीट विंचरलेले. पुढे काय होणार ते सुरुंगाला दिसत होतं, पण सुजलेल्या पायाने त्याला वाटेत आडवं पडायलाही जमेना. खुर्ची हॉलमध्ये शिरली. सगळा हॉल उभा राहिला. मग ज्यांच्यासाठी उभे राहिलो ते हेच, हे ज्याच्या त्याच्या ध्यानात आलं. बँकवाल्यांनी पुष्पचक्र पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला, पण ते त्यांच्याहून रुंद होतं.

कप्तानाने सगळीकडे नजर फिरवली. फुलं पाहिली, चेहरे पाहिले. त्याला हसू आलं, हसण्याने खोकला आला आणि तो इतका वाढला, की आता शोकसभा खरीच होते की काय असं वाटलं. दम परतल्यावर तो म्हणाला, "आणलंय तर ठेवा ते इथे माझ्याजवळ. परत नेणं बरं दिसत नाही."

सुरुंगाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. धरणीने काही घेतलं नाही. मेहुण्याने दिवे घालवले आणि सिनेमा सुरू झाला.

आणि काय सांगू! पहिला नट गुत्त्याच्या दारात दिसला मात्र, लोक शोक विसरले. बँकवाले पुढे सरकून बसले. मास्तरीणबाई "अगंबाई, हा किती तरुण होता!" म्हणाल्या. गुलाबांना पाणी घालणाऱ्याला पडद्यावरचा कप्तान म्हणाला, "चल. तुझ्याशिवाय जमणार नाही," तेव्हा खुर्चीतल्या कप्तानाचे ओठ हलताना सुरुंगाने पाहिले. डॉक्टरला ऐकू येत नव्हतं, तरी तो प्रत्येक वाक्य अर्धा सेकंद आधी मोठ्याने म्हणत होता. सुरुंगाला घोट्याचा, फलकाचा, सगळ्याचा विसर पडला. निदान हे तरी आपल्या हातून झालं, असं त्याला वाटलं.

मध्यंतरात चहा झाला. मेहुणा बशीत चहा ओतत म्हणाला, "भाऊजी, खरं सांगू? प्रत तपासायला म्हणून शेवट पाहिला आणि मी रडलो हो. मी!"

"शेवटी रडण्यासारखं काय आहे? सगळे तराफ्यावर चढतात."

"चढतात कुठले? तराफा प्रवाहात टिकत नाही म्हणून कप्तान काठावर उतरून दोर धरतो. मागून शत्रू येतो. मग तो तुमचा सुरुंगवाला नाही का, तो दोर कापतो. कप्तान राहतो ना मागेच."

सुरुंगाने बशी खाली ठेवली. हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. ते जायचे ते शेवटच्या खेळाला. शेवटची बस थिएटरच्या दारातून सुटायची, आणि बस चुकली की लोक दारातच हुज्जत घालत बसायचे. थिएटरवाल्याने सोपा उपाय काढला असणार. तराफा हलला, बाजा वाजला, की दिवे. शेवटचं रीळ तो लावतच नव्हता. लोक खूश होऊन बसकडे पळायचे. तिघं बसमध्ये दांडीला लटकून म्हणायचे, सातही परत आले, एकाला मागे टाकलं नाही. त्यावर त्यांनी आयुष्यं काढली होती. कुणाची बदली झाली, कुणाचं प्रमोशन हुकलं, डॉक्टरची बायको गेली, की कप्तान एवढंच म्हणायचा, "मागे कुणाला टाकायचं नाही." आणि आता नाकाला नळी लावलेल्या या माणसाला आपण काय दाखवायला आणलंय?

"तराफा हलला की बंद कर," तो मेहुण्याला म्हणाला.

"मी?" मेहुण्याने छातीवर हात ठेवला. "कलेला कात्री लावणारा माणूस मी नव्हे, भाऊजी." आणि तो प्रोजेक्टरला पाठीशी घालून उभा राहिला.

पूल उडाला तसा सुरुंग उठला आणि अंधारात भिंत धरून जिन्याखालच्या बोर्डाकडे गेला. हॉलचा फ्यूज कुठला ते वर लिहिलेलं असायला हवं होतं, पण मागच्या रंगकामात रंगाऱ्याने बोर्डावरही हात फिरवला होता. आतून बाज्याचे सूर यायला लागले. आयुष्यभर वीज बंद करूनच बल्बला हात लावणाऱ्या त्या माणसाने डोळे मिटले आणि सगळ्यात मोठा फ्यूज होता तो ओढला. फाट्कन आवाज झाला, ठिणगी उडाली, भुवया गेल्या आणि अख्ख्या इमारतीची वीज गेली. वर कुठेतरी लिफ्ट थांबली आणि लिफ्टमधून सेक्रेटरीचा आवाज आला, "कोण आहे रे तिकडे?"

मग जो गदारोळ झाला तो विचारू नका. चादरी ओढल्या गेल्या, ऊन आत आलं. "ऐन वेळेला!" "कुणी हात लावला बोर्डाला?" "वीज खात्यातला माणूस म्हणे!" मेहुण्याने जाहीर केलं की या घरात आपण पुन्हा पाऊल टाकणार नाही. मास्तरीणबाई म्हणाल्या, "पैशासाठी तपासलेले मीटर, दुसरं काय होणार!" सुरुंग भुवयांशिवाय दारात उभा होता आणि सगळं ऐकून घेत होता. बोला, म्हणाला मनात. हवं ते बोला. बडबडत लोक पांगले. मुलगा सेक्रेटरीला लिफ्टमधून काढायला वर धावला, सून औषध आणायला गेली. हॉलमध्ये तिघं उरले, आणि पुष्पचक्र.

"काय झालं?" कप्तानाने विचारलं.

"फ्यूज गेला. आपोआप. शेवट झालाच होता तसा. सगळे आले परत."

"इतकी वर्षं सरकारी नोकरी केलीस," कप्तान म्हणाला, "आणि तुला धड खोटं बोलता येऊ नये? पाहिलाय मी शेवट. बदलीच्या गावी होतो तेव्हा. दुपारच्या खेळाला गेलो होतो, एकटाच."

सुरुंगाने खुर्ची पुढे ओढली. "आणि बोलला नाहीस?"

"काय बोलणार? तू दोर कापतोस म्हणून?" कप्तानाला दम लागला. तो थांबला. "तू मनाला लावून नोकरीच सोडली असतीस. म्हणून तर शपथ घातली टीव्हीची. पण एकट्याने बघितला ना, फार वाईट गेला रे तो दिवस. परत खोलीवर जाववेना. इतकी वर्षं वाटतंय, एकदा तुमच्याबरोबर बघावा. म्हणून म्हटलं होतं, पूर्ण. तुझं लक्ष असतं कुठे?"

सुरुंगाला रडू आलं आणि रडण्याची लाजही वाटेना.

"रडतोस काय? जा, फ्यूज लाव."

सुरुंग गेला. फ्यूज पहिल्या फटक्यात बसला. वर लिफ्ट घरघरली आणि सेक्रेटरी काहीतरी ओरडत सुटला. मेहुणा रागाच्या भरात प्रोजेक्टर तसाच टाकून गेला होता, हे एक बरं झालं. डॉक्टरने उठून चादर पुन्हा खिडकीवर ओढली आणि तो कप्तानाच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला.

सुरुंगाने बटण दाबलं आणि बाजा वाजला. इतकी वर्षं जिथे दिवे लागायचे तिथे लागले नाहीत. तराफा डुगडुगला, कप्तान काठावर उतरला, झाडाला एक वेढा देऊन त्याने दोर धरला. मागे धूळ दिसायला लागली. सुरुंगवाला सुरी हातात घेऊन नुसता उभा. कप्तान काठावरून ओरडला, "काप!"

"काय म्हणाला?" डॉक्टरने मोठ्याने विचारलं. हे वाक्य त्याला पाठ नव्हतं.

"काप म्हणाला!" सुरुंग त्याच्या कानात ओरडला. कप्तानाने न बघता सुरुंगाचं मनगट धरलं. पडद्यावर दोर तुटला. तराफा लांब गेला. काठावरचा कप्तान खाली बसला, त्याने बूट काढला आणि त्यातलं पाणी ओतलं. मग दुसरा काढला. तिथेच सिनेमा संपला.

"बस्स, एवढंच आहे," कप्तान म्हणाला. "तिघांत बघितलं तर काही वाटत नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कप्तान गेला. दुपारी झोपेतच गेला. सुरुंग हॉलसाठी अर्ज घेऊन सेक्रेटरीकडे गेला. सेक्रेटरीने आधी त्याच्या उगवू पाहणाऱ्या भुवयांकडे पाहिलं, मग नियम आठवले. सदर इसमाची शोकसभा दप्तरी झालेली आहे, तो म्हणाला. एकाच माणसाची दुसरी घ्यायची तर ठराव लागेल. कमिटी पुढच्या महिन्यात बसेल.

सुरुंग भांडला नाही. तो घरी आला, कपाटातून जुने बूट काढले, पुसले, घातले. "अहो, निघालात कुठे?" बायकोने विचारलं. "शोकसभेला. हॉल नाही तर नाही," तो म्हणाला. दोन गल्ल्या चालत जाऊन तो डॉक्टरच्या घरी पोचला. डॉक्टर दाराबाहेर कुंडीतल्या रोपाला तांब्याने पाणी घालत होता. सुरुंग फाटकाशी उभा राहिला.

"चल," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय जमणार नाही."

"काय?" डॉक्टर म्हणाला.

"तुझ्याशिवाय जमणार नाही!" सुरुंग ओरडला. समोरच्या घरांतली माणसं खिडक्यांत आली. "तुझ्याशिवाय जमणार नाही!"

डॉक्टरला किती ऐकू आलं देव जाणे. त्याने तांब्या खाली ठेवला आणि तो बूट शोधायला आत गेला.